श्योरा कुणाच्या फळीला येते

९ मे १९२७, सोमवार

आली. तेरा दिवस उशिरा, पण आली. आणि कुणाच्या फळीला? पेरीनाच्या!

मी वर टेहळणीच्या शिडीवर होते. त्या शिडीवरून सगळं दिसतं, हीच तर शिक्षा. आधी कुपा माशांची काळी झुंड दिसली, मग मागून ती. चपटं डोकं, लहान होडीएवढं. मानेवरचा तुरा अर्धा उभा. लांबी सात वाव. (कुझ्मा आठ म्हणतो. माझा भाऊ सगळंच एक वाव जास्त सांगतो.) खाडीच्या तोंडाशी असलेल्या टोकाला वळसा घातला, शेपटीचा एकच फटका दिला — अख्खी झुंड खाडीत! आपले पाच-सहा मासे मटकावले, जाळ्याखाली तिच्यासाठी ठेवलेल्या वाटेनं निघून गेली. मग पुरुषांनी जाळं आवळलं.

गावानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या! अकरा वर्षं त्या सपाट खडकावर गुडघाभर पाण्यात उभी राहून मी श्योराला बोलावलं. एका हातात पाण्यात धरलेली फळी, दुसऱ्या हातात मोगरी. दोन लांब, एक आखूड, थांब. दोन लांब, एक आखूड, थांब. माझ्यासाठी कुणी हात खिशातून बाहेर काढला नाही.

खाली उतरले तर जाळ्याचे म्होरके, म्हातारे बार्बा व्हिट्सको म्हणाले, "येर्का, तुझी नजर तेज म्हणून तुला वर बसवलंय. तेही काम काही कमी नाही."

कमी नाही म्हणे. मग स्वतःच्या मुलीला बसवा की!

१० मे

रागानं झोप नाही. म्हणून लिहिते.

पेरीना आमच्या घरी सून म्हणून आली त्याला नऊ महिने झाले. पलीकडच्या बेटावरची. तिकडे श्योराच्या जातीचे ग्रीवाश फिरकतसुद्धा नाहीत. लग्नाआधी तिनं ड्रॅगन पाहिलेला फक्त चर्चच्या भिंतीवर, संत जॉर्जच्या घोड्याखाली. पहिल्या आठवड्यात मला विचारते, "श्योरा म्हणजे बाईसाहेब ना? मग चावते का हो?"

चावते का! चरता चरता पाण्याच्या कडेला गेलेली मेंढी परत येत नाही. फ्रानिचांचा कुत्रा धक्क्यावरून गेला, पट्ट्यासकट. ह्याला चावणं म्हणत असतील तर चावते.

गेल्या सप्टेंबरात माझ्या फळीला श्योरा दोनदा आली नाही. दोनदाच! बार्बा हिवाळाभर गप्प बसले आणि एप्रिलमध्ये म्हणाले, "यंदा हात बदलून बघू." सगळ्या गावात त्यांना एकच हात सापडला — माझ्याच स्वयंपाकघरातला. ताल कुठून शिकली म्हणावं? तर माझ्याकडूनच. कणीक तिंबून झाली की मी परातीवर बोटं वाजवते, ते ती भांडी घासता घासता ऐकत होती.

माझ्याच परातीवरून चोरला!

१४ मे

आज पेरीनाच्या कानात आईची पोवळ्याची कर्णफुलं. कुझ्मानं दिली. मला विचारलं नाही. मी कधी घातली नव्हती हे खरं, पण ती डबीत आहेत हे मला ठाऊक असायचं. आता डबीत काहीच नाही.

"येर्का, तुम्हाला हवी असतील तर घ्या, मी आत्ता काढते," ती म्हणाली. लगेच हात कानाकडे.

मी म्हटलं, "राहू दे. तुझ्या कानांना बरी दिसतात. कान मोठे आहेत तुझे."

ती हसली! खळखळून. वर कुझ्मापण हसला. मी टोमणा मारला होता, ह्यांनी गंमत करून टाकली.

२२ मे

पाचव्यांदा आली. पाचात पाच.

आज नीट कान देऊन ऐकलं. तिच्या तालात एक जास्तीची टिचकी आहे. शेवटच्या आखूड ठोक्यानंतर, अगदी हलकी, जणू मोगरी हातातून निसटली. आणि वाजवताना गुणगुणते. मी अकरा वर्षं दात आवळून वाजवलं — बार्बांनी तसंच शिकवलं होतं, पाण्यात उभं राहून तोंड उघडायचं नाही. आता तेच बार्बा धक्क्यावर बसून तिच्या गाण्यावर मान डोलावतात.

आणि श्योरा? तीही वळसा घालताना जरा रेंगाळते. खडकापासून वीस हातांवर. माझ्या वेळी चाळीसच्या आत कधी आली नाही.

हे लिहिताना कळतंय, मी एका जनावराबद्दल लिहिते आहे. मेंढ्या खाणाऱ्या जनावराबद्दल. पण माझ्याशी लग्न ठरलेला येरोलिम चिलीला निघून गेला तेव्हासुद्धा मी इतकी जळले नव्हते.

२३ मे

तिनं केलेलं मटाराचं सूप सगळ्यांनी दोनदा घेतलं. मी एकदाच.

२९ मे

वेड्यासारखं वागले आज.

दुपारी सगळं गाव खिडक्यांच्या झडपा ओढून झोपलं होतं. मी दारामागची फळी घेतली, डोंगरामागच्या लहान खाडीत गेले. घागरा खोचला, पाण्यात उतरले, वाजवलं. माझा ताल. मग — लाज वाटते — पेरीनाचा ताल, त्या टिचकीसकट. मग गुणगुणलेसुद्धा! मी, येर्का, वय वर्षं अडतीस, मळ्यातल्या खेचरासमोर गाणं म्हणत होते. खेचरानं कान टवकारले. समुद्रात काही हललं नाही.

परत येताना पायाला समुद्रसाळूचा काटा लागला. घरी पेरीनानं सुईनं काढून दिला. विचारलं नाही, कुठे गेला होतात म्हणून. पण दारामागे ओली फळी तिला दिसली असणारच.

विचारलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

५ जून

पेरीनाला दिवस गेलेत. चौथा महिना. कुझ्मानं जेवताना सांगितलं आणि स्वतःच रडला, म्हैस कुठली.

मी तिच्या गालाला गाल लावला, दोन्ही बाजूंनी. मनापासून लावला का? एका गालाला हो.

६ जून

कुझ्माला म्हटलं, "पोटुशी बाई पाण्यात उभी राहते, शोभतं का? तिला वर शिडीवरही चढवू नका. घरी बसू द्या. फळीचं मी बघते."

तो म्हणाला, "अगं, ती तर म्हणते पाण्यात उभं राहिलं की कंबर हलकी वाटते."

पेरीना चुलीपाशी होती. माझ्याकडे पाहिलं.  तिला माझी काळजी कुठल्या जातीची आहे ते कळलं असावं. मला तरी कुठे पूर्ण कळलीये.

१२ जून, रविवार

चर्चमधल्या मिस्सानंतर बार्बांनी मला बाजूला घेतलं. इतर बायका पुढे गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "श्योरा यंदा जड वाटते. तुला नाही वाटत?"

वाटतं. पोटाशी फुगली आहे. वळताना एका अंगावर कलते.

"माझ्या आयुष्यात मी दोनदा बघितलंय," बार्बा म्हणाले. "अंडी धरली की ग्रीवाशच्या गळ्याला तांबडा रंग चढतो. गंजलेल्या नांगरासारखा. मग तिला मासा, माणूस, खडक, काही कळत नाही. उथळ पाण्यात जे हलेल ते धरते. धाकट्या जाकोवला आम्ही तसाच घालवला. खालून तो रंग दिसत नाही, येर्का. फक्त वरून दिसतो. तांबडं दिसलं की एकच शब्द ओरडायचा — बाहेर! विचार करत बसायचं नाही."

"मला सांगायला हवं का?" मी म्हटलं.

"तुलाच सांगतोय. म्हणूनच तुला वर बसवलंय. माझा डोळा गेला, आणि दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

एप्रिलपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल बरं बोललं. घरी येईपर्यंत चाल हलकी होती. मग दारात पेरीनाभोवती चार बायका दिसल्या, तिच्या पोटावरून मुलगा की मुलगी ते सांगत होत्या. झालं.

१६ जून

सणाची मिरवणूक. पेरीनाला फादरांच्या डोक्यावरच्या छत्राच्या अगदी मागे चालायला दिलं, फुलं उधळणाऱ्या मुलींबरोबर. "आमची फळीवाली," फादर म्हणाले. मला अकरा वर्षांत मेणबत्तीसुद्धा मागच्या रांगेत मिळाली.

१७ जून, शुक्रवार



आज सकाळी श्योरानं पेरीनाला धरलं. जिवंत आहे. बाळही आहे, डॉक्टर म्हणाले ठोके ऐकू येतात. डावी पोटरी गेली. एकतीस टाके.

गळा तांबडा होता. मी ओरडले, "बाहेर!" पेरीना वळली, एक पाय खडकावर घेतला, दुसरा घेता आला नाही. कुझ्मानं तिला काखेत धरून ओढलं, बार्बांनी वल्ह्यानं श्योराच्या नाकावर मारलं. सत्तर वर्षांच्या माणसानं! ती मागे गेली, खाडीत एक फेरी मारली, गेली. पाणी बराच वेळ गढूळ राहिलं.

सगळे म्हणतात येर्का ओरडली म्हणून वाचली. फ्रानिचांच्या म्हातारीनं माझ्या हाताचं चुंबन घेतलं. कुझ्मा माझ्या गळ्यात पडला — "तू नसतीस तर दोघंही गेली असती. दोघंही!"

१८ जून

कुझ्मानं माझ्यासाठी राखलेली भाकरी कोंबड्यांना घातली.

१९ जून

खरं लिहिते. इथे नाही लिहायचं तर कुठे?

तांबडा गळा मला टोकापाशीच दिसला. श्योरा वळली, कूस दाखवली, आणि गंजासारखा रंग. चूक होण्यासारखं काही नव्हतं. टोकापासून खडकापर्यंत तिला किती वेळ लागतो हे मला कोण सांगणार! एक 'नमो मरिये' पूर्ण होतं, सावकाश म्हटलं तर. मी ओरडले ती अर्ध्यावर आली तेव्हा.

पेरीना गुणगुणत होती. वर ऐकू येत होतं. ती मान तिरकी करून वाट बघत होती, जशी कुणी दारात ओळखीच्या माणसाची बघतं. आणि माझ्या मनात आलं — येऊ दे जरा जवळ. कळू दे हिला, ही काय आहे ते. घाबरू दे. परत पाण्यात पाय घालणार नाही अशी घाबरू दे.

मरावी असं वाटलं नाही. देवाशपथ नाही. पण तोंड मिटून धरलं.

बाळ पोटात आहे हे त्या अर्ध्या प्रार्थनेत मला आठवलंच नाही. आठवलं तेव्हा ओरडले.

२० जून

पेरीनाला ताप. मी रात्रंदिवस तिच्यापाशीच आहे. पाण्याच्या पट्ट्या. कुझ्मा म्हणतो, "जरा पड तू, किती करशील!" ही कौतुकं ऐकली की मी पट्ट्यांचं पाणी बदलायला उठते.

ती ग्लानीत कुणाचंही नाव घेत नाही. फक्त बोटं चादरीवर चालतात. दोन लांब, एक आखूड, आणि ती टिचकी.

२१ जून

ताप उतरला. सूप प्याली. मी केलेलं. "मीठ कमी आहे," म्हणाली. बरी होते आहे.

संध्याकाळी चर्चपुढे पुरुष जमले. श्योराला मारायचं. कुझ्माच सगळ्यांत पुढे.

बार्बा एकटेच विरोधात. "मारा. मग पुढच्या मे महिन्यात कुपे खाडीत कोण हाकलून आणणार? तू, कुझ्मा? शेपटी लावून?"

कुणी हसलं नाही.

"माझ्या बायकोच्या पायाचा लचका तिच्या पोटात आहे, बार्बा!" कुझ्मा ओरडला. "आणि ती अजून टोकाबाहेर फिरते आहे. उद्या कुणाचं पोर उतरेल पाण्यात."

"अंडी घातली की उतरेल तिचा राग. तीन आठवडे कुणी पाण्यात जाऊ नका. संपलं."

"आणि तीन आठवड्यांत जाकोवसारखा दुसरा कुणी गेला तर? तेव्हाही हेच सांगाल?"

बार्बा खाली बसले. जाकोव त्यांचा धाकटा भाऊ होता. कुझ्मानं ते नाव काढायला नको होतं. पण काढलं, आणि ठरलं. दोन होड्या, पाच भाले, खडकामागे लपून बसायचं. फक्त तिला उथळात बोलवायला हवं कुणीतरी.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

अकरा वर्षांत गावानं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. लाज वाटते, तरी लिहिते — आधी आनंद झाला. बाकी सगळं मागून आलं.

२३ जून

दारामागची फळी काढली. माझ्या हातांनी गुळगुळीत झालेली, पेरीनाच्या हातांनी दीड महिन्यात आणखी. मोगरीच्या मुठीवर तिनं चिंधी गुंडाळली आहे. सोडणार होते. राहू दिली.

फळीबद्दल एक गोष्ट मला माहीत आहे, जी बार्बांनाही मी कधी सांगितली नाही. फळी चार बोटं पाण्यात धरायची, तर आवाज लांब जातो आणि तिला वाटतं कुठेतरी कुपे उसळताहेत. पण कोपरापर्यंत बुडवली तर आवाज दबतो, जड होतो. दुसऱ्या ग्रीवाशच्या शेपटीसारखा. ग्रीवाश एका खाडीत दोन राहत नाहीत. तिसऱ्या वर्षी माझा हात घसरला तेव्हा कळलं — श्योरा अर्ध्यातून वळून गेली होती. चूक माझी होती म्हणून मी गप्प बसले.

उद्या चार बोटंच धरायची. उद्या ती माझ्या फळीला येईल. सगळं गाव बघेल.

माझ्या फळीला येऊन मरेल.

२४ जून, संत जॉनचा दिवस

सावकाश लिहिते, नाहीतर विसरेन.

सकाळी समुद्र तेलासारखा. होड्या खडकाआड. शिडीवर कुझ्मा. बार्बा आले नाहीत. मी खडकावर उभी राहिले, पाणी गुडघ्यापर्यंत. भीती वाटली नाही, त्याचंच आश्चर्य.

वाजवलं. माझा ताल, जास्तीचं काही नाही. दोन लांब, एक आखूड, थांब. चौथ्या फेरीला वरून कुझ्मानं हात हलवला. आली!

माझ्या फळीला आली. कुणाच्या गाण्याला नाही, कुणाच्या टिचकीला नाही. टोकाला वळसा घालून सरळ माझ्याकडे. तुरा पूर्ण उभा. इतका उभा तुरा मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. पाण्यातून खालूनही आज गळा ओळखू येत होता, इतका भडकलेला. पोट एका बाजूला लोंबत होतं. दमलेली होती. एवढी मोठी बाई, आणि बाजाराच्या पिशव्या घेऊन चढ चढणाऱ्या बाईसारखी थांबत थांबत पोहत होती.

माझ्याकडे तिनं पाहिलं वगैरे काही नाही. तिचे डोळे बाजूला असतात, ती कुणाकडेच पाहत नाही. ती मासे शोधत होती. पेरीनाच्या वेळीही मासेच शोधत होती. माझ्या अकरा वर्षांत दुसरं काही शोधत नव्हती. ह्यात कुणाचंच काही नव्हतं!

डावीकडे खडकामागे भाल्याचं लोखंड चमकलं. अजून पन्नास हात. चाळीस.

मी फळी कोपरापर्यंत बुडवली. ताल तोच ठेवला. वरून बघणाऱ्याला हात हलताना दिसत होता, बस.

ती थांबली. शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग वळली. घाई नाही. टोकाबाहेर गेली, आणखी बाहेर, मोठ्या पाण्यात. होड्या मागे निघाल्या, पण तिच्यामागे वल्ही मारून कोण पोचणार! दुपारपर्यंत बसून राहिले. परत आली नाही.

२५ जून

विहिरीवर गेले तर बोलणं थांबलं. मग मागून फ्रानिचांची म्हातारी, जिनं गेल्या आठवड्यात माझा हात चुंबला, तिचाच आवाज: "आली बिचारी इतक्या जवळ. येर्काला बघितलं आणि परत फिरली!"

हसल्या सगळ्या.

कुझ्मा माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाला, "तुझा हात गेलाय, येर्का. बार्बांचं बरोबर होतं." पुढच्या वर्षी फ्रानिचांच्या नातीला शिकवणार आहेत. मला शिडीही नको म्हणालेत. नजर राहिली नसेल, म्हणे.

मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं. पण जळजळ झाली नाही. पोटात ती जागा हुडकत राहिले, दुखरा दात जिभेनं हुडकावा तशी.

२६ जून

पेरीनाची पट्टी बदलली. जखम कोरडी आहे. ती खिडकीकडे तोंड करून होती. ती खिडकी खाडीवरच उघडते.

"परवा शेवटी आवाज दबला. फळी फार खोल होती ना?" ती म्हणाली.

मी पट्टीची गाठ बांधली.  

२७ जून

बार्बा आले होते. पेरीनासाठी अंजीर घेऊन. जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "टोकापलीकडच्या गुहेपाशी मेंढपाळाला कड्यावरून दिसली काल," म्हणाले. "गळा निवळतोय." आणि गेले.

२९ जून, संत पीटरचा दिवस

पेरीनाचा नामदिवस, तिचं नाव ह्याच संतावरून. कुझ्माला तिनं वाईन आणायला पाठवलं, मला खाटेवर बसवलं.

"बाप्तिस्म्याला बाळाची धर्माची आई तू व्हायचंस," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू'.

मी म्हटलं गावात एवढ्या बायका आहेत. तुझी बहीण आहे.

"त्या सकाळी मी वर बघत होते. तू शिडीवर उठून उभी राहिलीस. मला वाटलं, आता ओरडणार. आणि मग तू परत खाली बसलीस."

बसले होते. ते मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

कुझ्माला सांगितलंस का, विचारायला तोंड उघडलं. तिनं मान हलवली, नाही.

"मग मीच का?"

"बाकीच्या लाड करतील आणि विसरतील," ती म्हणाली. "तू ह्याच्यावरून नजर काढणार नाहीस. मरेपर्यंत नाही."

मी हो म्हटलं.